बाद फेरीचा सामना कसा पाहावा: नवख्या प्रेक्षकांसाठी

फुटबॉलचा विश्वचषक आला की एरवी हा खेळ न पाहणारी घरंही रात्री जागी असतात. साखळी सामने समजायला फारशी अडचण येत नाही. बाद फेरी सुरू झाली की मात्र प्रश्न पडू लागतात. ९० मिनिटं संपूनही खेळ का चालू आहे? बरोबरी झाली, आता पुढे काय? कालचा इतका चांगला खेळाडू आज संघात का नाही? असे प्रश्न ज्यांना पडतात त्यांच्यासाठी हा लेख आहे. नियम तर सांगतोच, पण नजर कुठे ठेवायची हे सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाद फेरीत चेंडूइतकंच तीन गोष्टींकडे बघावं लागतं: उरलेली मिनिटं, राखीव बाकावर उरलेले खेळाडू आणि पंचांच्या वहीत चढलेली कार्डं. प्रशिक्षकाच्या हातात खर्चायला एवढंच असतं. कोण काय लवकर खर्चून बसलं आणि कोणी काय राखून ठेवलं, यावर हे सामने फिरतात.

समजावून सांगायला मी एकच सामना घेतो: ९ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधल्या लुसैल स्टेडियमवर झालेली अर्जेंटिना विरुद्ध नेदरलँड्स ही उपांत्यपूर्व लढत. नवख्या माणसाला बाद फेरी शिकवायला याहून चांगला सामना मला तरी माहीत नाही. यात सगळंच घडलं. शक्य असेल तर तो पूर्ण मिळवून बघा. दहा मिनिटांच्या सारांशात गोल दिसतात, पण गोलांच्या आधीची तयारी कापलेली असते.

पायरी १: साखळी आणि बाद फेरीतला फरक

साखळीत चार-चार संघांचे गट असतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. एखादा सामना हरला तरी सावरायला जागा असते. २०२२ मध्ये अर्जेंटिनाने पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून १-२ असा गमावला आणि तरीही शेवटी करंडक त्यांनीच उचलला. हाच पराभव दोन आठवड्यांनी झाला असता तर थेट मायदेशी परतावं लागलं असतं.

कतारमध्ये ३२ संघ होते आणि त्यातले १६ बाद फेरीत गेले. २०२६ पासून संघ ४८ झाले. गट १२, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम आठ असे ३२ संघ बाद फेरीत येतात. म्हणजे जगज्जेता व्हायला पूर्वी चार बाद सामने जिंकावे लागत, आता पाच. पाय आणि कार्डं राखून ठेवण्याचं महत्त्व त्यामुळे आणखी वाढलं.

पायरी २: झोपेचं आणि तारखेचं गणित आधी करा

स्पर्धा परदेशात असली की तारखेचा घोळ होतो. लुसैलचा हा सामना तिथे ९ तारखेच्या रात्री दहाला सुरू झाला, पण आपल्याकडे तेव्हा १० डिसेंबरचे साडेबारा वाजले होते. ‘शनिवारी मध्यरात्री’ असं कुणी सांगितलं तर शुक्रवार संपतानाची की शनिवार संपतानाची, हे विचारून घ्या.

दुसरं, बाद सामन्यासाठी दोन तास राखून भागत नाही. मध्यांतर आणि भरपाई वेळ धरून ९० मिनिटांचा खेळ दोन तासांच्या आसपास संपतो. जादा वेळ (आणखी अर्धा तास) आणि पेनल्टी शूटआउट (आळीपाळीने गोलवर फटके मारून निकाल) झाला तर पाऊण तास ते तास आणखी लागतो. साडेबाराला बसलात तर सव्वातीनची तयारी ठेवा. सकाळी कामावर जायचं असेल तर संध्याकाळीच एक झोप काढून घ्यावी, हे सर्वांत उपयोगी पडतं.

मित्रमंडळींबरोबर बघता आलं तर जरूर बघा. कोल्हापुरात विश्वचषकाच्या दिवसांत पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मोठमोठे फलक उभे राहतात. शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे सामने बघत वाढलेल्या माणसाशेजारी बसून एक सामना पाहिलात तर बचावाची रेषा कुठे तुटते ते तो बोटाने दाखवेल.

पायरी ३: संघ जाहीर झाला की बचावपटू मोजा

सामन्याच्या साधारण तासभर आधी दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू जाहीर होतात. नवख्या प्रेक्षकाने नावं पाठ करण्यापेक्षा मागच्या फळीत किती जण आहेत ते मोजावं. नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान गाल तीन मध्यबचावपटू आणि दोन्ही कडांनी वर-खाली धावणारे दोन खेळाडू अशी रचना वापरत होते. अर्जेंटिनाच्या लिओनेल स्कालोनी यांनी त्या दिवशी लिसांद्रो मार्टिनेझला आत घेऊन आपलाही बचाव पाचांचा केला. समोरच्याचीच रचना घेतली की प्रत्येकाला आपापला प्रतिस्पर्धी ठरवून मिळतो आणि कडेने कुणी मोकळा सुटत नाही.

याचा अर्थ सामना सुरुवातीला संथ असणार. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच होत नाही म्हणून कंटाळून उठू नका. पहिला गोल खाण्याची किंमत इथे फार मोठी असते, म्हणून दोन्ही बाजू आधी दार बंद करून घेतात. या वेळात एवढंच बघा की चेंडू गेल्यावर कोणता संघ लगेच तो परत घ्यायला धावतो आणि कोणता मागे सरकून आपली जागा धरतो. ३५व्या मिनिटाला मेसीने नजर दुसरीकडे ठेवून गर्दीतून पास सरकवला आणि नाहुएल मोलिनाने गोल केला. मोलिना कडेचा खेळाडू. पाचांच्या बचावात कडेच्या माणसाला पुढे धावायची मोकळीक असते, हे त्या एका धावेत दिसतं.

पायरी ४: गोल झाला की पंचांकडे बघा, मग ओरडा

ऑफसाइड एका वाक्यात सांगायचं तर असा: सहकारी चेंडू पास करतो त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असाल तर ऑफसाइड. बहुतेक वेळा शेवटचा माणूस गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूची रेषा बघायची. व्हीएआर, म्हणजे पडद्यावर बघून पंचांना मदत करणारी चमू, विश्वचषकात २०१८ पासून आहे. कतारमध्ये ती चारच बाबतींत लक्ष घालत होती: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. बाकी फाउल, कॉर्नर, थ्रो-इनवर कितीही वाद झाला तरी ती मधे पडत नव्हती.

पायरी ५: कार्डांची नोंद ठेवा

एक कागद जवळ घ्या आणि पिवळं कार्ड मिळालेल्यांची नावं लिहा. एकाच सामन्यात दोन पिवळी म्हणजे लाल, म्हणजेच मैदानाबाहेर, हे बहुतेकांना माहीत असतं. कतारमध्ये दुसराही नियम होता: वेगवेगळ्या सामन्यांत मिळून दोन पिवळी झाली की पुढच्या सामन्याला बंदी. उपांत्यपूर्व फेरीनंतर जुनी एकेकटी कार्डं पुसली जात, जेणेकरून अंतिम सामन्याला कुणाला किरकोळ कार्डामुळे मुकावं लागू नये. हे तपशील स्पर्धेनुसार बदलतात, तेव्हा प्रत्येक स्पर्धेआधी तपासून घ्या.

लुसैलला स्पेनचे पंच आंतोनियो माटेऊ लाओस यांनी कार्डांचा पाऊसच पाडला. विश्वचषकाच्या इतिहासात एका सामन्यात इतकी पिवळी कार्डं कधी निघाली नव्हती. माझ्या मते पंचांच्या हातून तो सामना निसटला होता. पण प्रेक्षक म्हणून त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. कार्ड मिळालेला बचावपटू पुढच्या वेळी पाय घालताना अर्धा क्षण थांबतो आणि प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्याच अंगावर चेंडू घेऊन जातो. अर्जेंटिनाच्या मार्कोस आकुन्याला पूर्वार्धात कार्ड मिळालं आणि ७८व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. त्याला आणि गोन्सालो मोंतिएलला पुढे क्रोएशियाविरुद्धचा उपांत्य सामना बाहेर बसून बघावा लागला.

पायरी ६: ६०व्या मिनिटानंतर राखीव बाक बघा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण माझ्या दृष्टीने बाद सामन्याचं मर्म इथेच आहे.

प्रत्येक संघाला पाच बदल करता येतात. मध्यांतरातले बदल सोडून त्यासाठी खेळ फक्त तीनदा थांबवता येतो. सामना जादा वेळेत गेला तर सहाव्या बदलाची मुभा मिळते. म्हणजे ९० मिनिटांतच सगळे पत्ते टाकले तर जादा वेळेत एकाच बदलावर भागवावं लागतं; आणि राखून ठेवत बसलं तर कदाचित जादा वेळच येत नाही.

व्हान गाल यांनी मध्यांतराला स्टीव्हन बेर्गहाउस आणि ट्यून कोपमायनर्स यांना आणलं. ६४व्या मिनिटाला लुक डी यॉंग हा उंच आघाडीपटू बचावपटूच्या जागी आला. ७३व्या मिनिटाला मेसीने पेनल्टीवर २-० केलं. ७८व्या मिनिटाला मेम्फिस डिपायला काढून वाउट वेगहोर्स्टला पाठवलं. वेगहोर्स्ट जवळपास साडेसहा फूट उंच. दोन उंच माणसं गोलसमोरच्या चौकोनात, म्हणजे पेनल्टी क्षेत्रात, उभी करायची आणि मधली सगळी बांधणी सोडून चेंडू सरळ त्यांच्या डोक्यावर टाकायचा, असा हा साधा बेत होता. नजाकतीच्या फुटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशाने हा रांगडा मार्ग घेतला आणि पाचच मिनिटांत, ८३व्या मिनिटाला, बेर्गहाउसने कडेकडून टाकलेल्या क्रॉसवर वेगहोर्स्टने डोक्याने गोल केला.

आता दुसरी बाजू बघा. आघाडी असलेल्या संघाला वाटतं, मागे सरकलं की धोका कमी होईल. पण मागे सरकलेल्या संघाच्या पेनल्टी क्षेत्रातच चेंडू पडत राहतो, आणि उंच माणसांना नेमकं तेच हवं असतं. शेवटच्या दहा मिनिटांत अर्जेंटिनाचा संघ टीव्हीच्या चौकटीत किती खाली सरकला आहे ते बघा. त्यात लेआंद्रो परेदेसने चेंडू थेट डच, म्हणजे नेदरलँड्सच्या, बाकाच्या दिशेने मारला, व्हर्जिल व्हान डाइकने त्याला धडक दिली, सगळे मैदानात जमले. असा दंगा झाला की मिनिटं जातात आणि भरपाई वेळ वाढते. आघाडी राखणाऱ्याला ते परवडत नाही.

पायरी ७: भरपाई वेळेचा फलक म्हणजे किमान वेळ

९०व्या मिनिटाला चौथे पंच आकडा दाखवतात. बदल, दुखापती, व्हीएआर, गोलचा जल्लोष यांत वाया गेलेला तो वेळ. फलकावरचा आकडा किमान असतो. त्या वेळात पुन्हा खेळ थांबला तर पंच पुढेही खेळवतात. कतारमध्ये फिफाने ही मोजणी काटेकोर करायला लावली होती, म्हणून तिथले सामने लांबले. लुसैलला फलक दहाचा होता आणि बरोबरीचा गोल झाला अकराव्या मिनिटाला.

तो गोल पुन्हा पुन्हा बघण्याजोगा आहे. अर्जेंटिनाच्या पेनल्टी क्षेत्राच्या अगदी तोंडाशी डचांना फ्री किक मिळाली. शेवटचीच संधी, तेव्हा चेंडू समोर ओळीने उभ्या बचावपटूंच्या भिंतीवरून गोलात मारणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भिंत उडी मारायला तयार. कोपमायनर्सने जमिनीलगत हलका पास दिला, तोही भिंतीपाशी उभ्या वेगहोर्स्टला. त्याने पाठीवरचा बचावपटू अंगाने अडवून वळून गोल केला. २-२. सरावात घोटलेली चाल सर्वांत अवघड क्षणी वापरायचं धैर्य त्यांच्यात होतं. तो पास देणारा आणि घेणारा, दोघेही बाकावरून आलेले, हे कागदावर लिहून ठेवा.

पायरी ८: जादा वेळेत पाय ओळखा

जादा वेळ म्हणजे १५ मिनिटांचे दोन भाग. दोन्ही पूर्ण खेळायचे. मधेच गोल झाला तरी सामना संपत नाही. १९९८ आणि २००२ च्या विश्वचषकात ‘गोल्डन गोल’ होता, पहिला गोल करणारा तिथेच जिंकायचा. तो नियम आता नाही.

इथे थकलेल्यांना हुडका. कोण चेंडू गेल्यावर चालत परत येतो? कोणाच्या पोटऱ्या धरल्यात? ज्या बाजूचा खेळाडू दमला आहे त्याच बाजूने हल्ले वाढतात. स्कालोनी यांनी ११२व्या मिनिटाला बचावपटू लिसांद्रो मार्टिनेझला काढून आंखेल डी मारियाला आणलं. शूटआउटच्या आधीच निकाल लावायचा, असा तो बदल होता, आणि शेवटच्या मिनिटांत अर्जेंटिनाने खरोखर डचांना कोंडलं. एन्झो फर्नांडेझचा फटका खांबाला लागून परत आला.

आपल्या जवळच घडलेलं उदाहरणही आहे. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषकाची चीन-जपान उपांत्य लढत पुण्यात बालेवाडीला झाली. जपान २-१ ने पुढे होता. ११९व्या मिनिटाला चीनच्या वांग शानशानने बरोबरी केली आणि शूटआउट चीनने ४-३ जिंकला. तीन दिवसांनी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ वरून ३-२ करत त्यांनी करंडकही नेला, निर्णायक गोल पुन्हा अगदी शेवटी, भरपाई वेळेत. तेव्हा शेवटची पाच मिनिटं उरली म्हणून टीव्ही बंद करू नका.

एक खबरदारी: सगळ्याच स्पर्धांत जादा वेळ नसते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात बाद सामना बरोबरीत सुटला की थेट पेनल्टी होती.

पायरी ९: शूटआउट बघताना

दोन्ही संघांना आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी, ११ मीटरवरून. पाचांनंतर बरोबरी असेल तर एकेक. सामना संपताना जे मैदानावर होते तेच मारू शकतात. बाहेर काढलेला कितीही निष्णात असला तरी उपयोग नाही. चेंडू मारला जाईपर्यंत गोलरक्षकाचं किमान एक पाऊल गोलरेषेवर, तिच्या रेषेत किंवा मागे हवं. परत आलेला चेंडू पुन्हा मारता येत नाही. यातले गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत आणि नोंदीत सामना बरोबरीचाच राहतो.

याला ‘नशिबाचा खेळ’ म्हणणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. गोलरक्षक महिनोन्महिने अभ्यास करून उतरतात. कोण कोणत्या कोपऱ्यात मारतो, धाव घेताना कोण थबकतो, हे त्यांना ठाऊक असतं. मारणारा चेंडू ठेवतो तेव्हापासून गोलरक्षकाला बघा. अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझने पहिल्या दोन डच पेनल्टी, व्हान डाइक आणि बेर्गहाउसच्या, अडवल्या. नऊ दिवसांनी फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने चुआमेनीच्या पेनल्टीआधी चेंडूच लांब फेकला. गोलरक्षकाने मारणाऱ्याचं लक्ष अशा अनुचित रीतीने विचलित करू नये, हे २०२३ मध्ये नियमांत स्पष्ट केलं गेलं.

आता मघाचा कागद काढा. डचांकडून पेनल्टी मारल्या व्हान डाइक, बेर्गहाउस, कोपमायनर्स, वेगहोर्स्ट आणि डी यॉंग यांनी. व्हान डाइक सोडला तर चौघेही बदली खेळाडू. अर्जेंटिनाकडून मेसी, परेदेस, मोंतिएल, एन्झो फर्नांडेझ आणि लाउतारो मार्टिनेझ. त्यातले परेदेस, मोंतिएल, लाउतारो बदली. दहापैकी सात पेनल्टी बाकावरून आलेल्यांनी मारल्या. एन्झोची चुकली, लाउतारोने शेवटची मारून ४-३ केलं. प्रशिक्षक ७८व्या किंवा ८२व्या मिनिटाला बदल करत होते तेव्हा नकळत शूटआउटची यादीही ठरत होती.

पुढे काय बघाल

या पायऱ्या हाताशी घेऊन दोन जुने सामने बघा. पहिला १९८२ ची सेव्हिलमधली पश्चिम जर्मनी-फ्रान्स उपांत्य लढत, विश्वचषकातला पहिला शूटआउट. तेव्हा फक्त दोन बदल मिळत. फ्रान्सने बदली म्हणून आणलेला बातिस्तों जर्मन गोलरक्षक शूमाखरच्या धडकेने दहाच मिनिटांत जखमी होऊन बाहेर गेला आणि तासाभरातच फ्रान्सचे दोन्ही बदल संपले. जादा वेळेत फ्रान्स ३-१ ने पुढे असताना जर्मनीकडे नुकताच बाकावरून आलेला, ताजा रुमेनिगे होता. त्याने एक गोल फेडला, सामना ३-३ झाला आणि शूटआउट जर्मनीने जिंकला.

दुसरा २०१४ चा, नेदरलँड्स विरुद्ध कोस्टारिका. प्रशिक्षक तेव्हाही व्हान गालच. गोलशून्य सामन्यात १२०व्या मिनिटानंतर त्यांनी शेवटचा बदल वापरून गोलरक्षक बदलला; टिम क्रुल केवळ शूटआउटसाठी आला आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. चार दिवसांनी उपांत्य फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा शूटआउटची वेळ आली. तेव्हा मिळणारे तिन्ही बदल आधीच झालेले होते, क्रुल बाकावर बसून राहिला आणि अर्जेंटिनाने ४-२ अशी बाजी मारली.